परसदार : मांडवावर कोणती काकडी चढवावी?

वैशाख सरत आला म्हणजे या सदराच्या टपालात बियांविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदाच्या पत्रांपैकी एक पुण्याहून आलेले आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या नव्या घरास लहानशी गच्ची आहे, आणि तिने एकच प्रश्न केला आहे : "काकडीचा सर्वांत चांगला वाण कोणता?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर तितके सरळ नाही. सर्वांत चांगले लुगडे कोणते असे कोणी विचारले, तर आपण प्रथम "कशासाठी?" असे विचारू, काकडीचेही तसेच आहे. कोशिंबिरीसाठी, धोंडसासाठी, की शिंक्यात टांगून दिवाळीपर्यंत ठेवण्यासाठी? उन्हाळ्यात लावावयाची, की मृगाच्या पावसावर? वेल मांडवावर जाणार, की जमिनीवर पसरणार? या तीन गोष्टी ठरल्याखेरीज बियांची पुडी विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. आणि हे मत मी बरीच किंमत मोजून मिळविलेले आहे. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम नावांचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे काकडी या एका शब्दाखाली निदान दोन निराळ्या कुळ्या नांदतात. खरी काकडी, जिला हिंदीत खीरा म्हणतात ती, आणि आम्हा कोकणवासीयांचे तवसे, ही एकाच जातीची. कोवळे असता ती काकडी आणि मोठे, जून, पिवळे-तांबूस झाले म्हणजे तवसे, असा व्यवहार पुष्कळ घरांत असला, तरी तवशाचे म्हणून वाण निराळे राखलेले असतात. त्यांचे फळ जाड गराचे व जड असते. उलट चिबूड, देशावरचे वाळूक, कारवारकडची सांबाऱ्यात घालावयाची मगे काकडी, ही सारी खरबुजाची भावंडे होत. हा भेद केवळ पंडिती नव्हे. काकडीच्या पेशीत गुणसूत्रे १४ आणि खरबुजाच्या पेशीत २४. त्यामुळे या दोघांचा आपसांत संकर होत नाही. चिबडाचा वेल काकडीच्या मांडवाशेजारी खुशाल लावावा. कारल्याचाही लावावा. कारल्याच्या शेजाराने काकडी कडू होते, ही समजूत आमच्या गावात अजून आहे, परंतु तिला आधार नाही. काकडीच्या कडूपणाचे कारण काकडीच्याच ठायी असते.

हा घोटाळा फार जुना आहे. रोमचा बादशहा तिबेरिअस यास रोज काकडी लागे आणि त्यासाठी चाके लावलेल्या वाफ्यांत वेल वाढवून ते उन्हात फिरविले जात, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. ती काकडी नसून खरबुजाच्या कुळातील लांब फळ असावे, असे अलीकडच्या विद्वानांचे म्हणणे आहे. आमच्या वेळणेश्वरास महाशिवरात्रीची यात्रा भरते, आणि देवळात मृत्युंजय मंत्र कानी पडतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील त्या मंत्रात देठापासून सुटणाऱ्या उर्वारुकाची उपमा आहे, आणि उर्वारुक म्हणजे काकडी असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. पण ज्याने परसात वेल वाढविला आहे, त्याने हे पाहिलेलेच असेल, की तवसे कितीही पिकले तरी देठ सोडीत नाही. ते विळ्याने कापूनच घ्यावे लागते. चिबूड मात्र पिकला की देठाशी भेग पडते आणि हात लावताच तो सुटून येतो. ऋषींच्या डोळ्यांसमोर काकडीपेक्षा चिबडाचेच फळ असावे, असा माझा आपला तर्क आहे. शास्त्रीबुवांस तो मान्य नाही.

असो. वाणांकडे वळू.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. जमीन जांभ्याची, समुद्राकडे गेल्यास पुळणीची. मातीचा थर बेताचा. अशा ठिकाणी वाण निवडताना फळाचे रूप मागाहून पाहावे. आधी पाहावे ते पावसात वेलाचे पान टिकते की नाही. सतत ओलाव्याने पानावर पिवळे कोनाकोनाचे डाग पडतात आणि पंधरा दिवसांत वेल करपून जातो. यास आपण केवडा म्हणतो. देशावर कोरड्या हवेत याच्याऐवजी भुरी येते, म्हणजे पानावर पिठासारखा पांढरा थर बसतो. एका रोगास दाद न देणारा वाण दुसऱ्यास बळी पडू शकतो, म्हणून पुण्याच्या बहिणीने नावाजलेली काकडी वेळणेश्वरच्या भावजयीने डोळे झाकून लावू नये, आणि उलटही तसेच.

दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने (हे १९७२ साली स्थापन झाले, पुढे त्यास डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव दिले गेले) 'शीतल' नावाचा वाण या अतिपावसाच्या पट्ट्यासाठीच दिलेला आहे. पेरल्यापासून सुमारे ४५ दिवसांत फळ हाती येऊ लागते. फळ हिरवे, मध्यम लांबीचे, कोवळेपणी दोनशे-अडीचशे ग्रॅमांचे. हे बी सरळ वाणाचे आहे, संकरित नव्हे. म्हणजे नीट धरल्यास त्याचे बी पुढील वर्षी उपयोगी पडते. पावसाळी कोशिंबिरीसाठी कोकणातील नवशिक्या गृहिणीने प्रथम हाच लावावा. उन्हाळ्यात, विहिरीचे पाणी पुरत असल्यास, 'पूना खिरा' चांगला. त्याची फळे आखूड असतात, लवकर येतात, आणि जून होताच तांबूस पडतात. ते रूप बाजारात कोणास आवडत नाही, पण घरी खाणाऱ्यास त्याचे काय? राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या 'हिमांगी'चे फळ पांढरे असते व ते तसे तांबूस पडत नाही. त्याच विद्यापीठाची 'फुले शुभांगी' हिरवी असून भुरीस बऱ्यापैकी टिकते. देशावरील वाचकांनी या दोहोंचा विचार करावा. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा संयोग' ही संकरित. ती कुलूजवळच्या कट्राईन येथील केंद्रात निघाली. 'जपानी लाँग ग्रीन' हीही थंड हवेतच खुलणारी आहे. 'स्ट्रेट एट' हा अमेरिकन वाण तिकडे १९३५ साली बक्षीस मिळविलेला, आठ इंच लांबीचा, सरळसोट आणि देखणा आहे. आमच्या आषाढात मात्र त्याची धडगत नाही.

पुड्यांवर अलीकडे आणखी एक शब्द छापलेला आढळतो : 'पार्थेनोकार्पिक'. परागसिंचनावाचून, म्हणजे मधमाशीवाचून, फळ धरणारा असा त्याचा अर्थ. या काकड्या बिनबियांच्या असतात आणि त्या जाळीच्या किंवा प्लास्टिकच्या घरात लावण्यासाठी काढलेल्या आहेत. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत जेथे माशी फिरकत नाही, तेथे त्यांचा खरोखर उपयोग आहे. परंतु बी महाग असते, त्यापासून पुढचे बी मिळत नाही, आणि धोंडसासाठी ती काकडी अगदीच कुचकामी.

धोंडसाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. जून तवसे किसून त्याच्याच पाण्यात तांदळाचा रवा भिजवावयाचा. वरून थेंबभरही पाणी घालावयाचे नाही. गूळ, ओले खोबरे, वेलदोडा घालून जाड बुडाच्या भांड्यात खाली-वर निखारे ठेवून भाजावयाचे. येथे सारी मदार गरावर असते. पुडीतल्या पाणीदार काकडीचा कीस पाणीच पाणी सोडतो, आणि धोंडस न होता खिचडी होते. हे मी ऐकून लिहीत नाही. एका गणपतीत पंधरा माणसांच्या पंक्तीस मी तशी खिचडी वाढलेली आहे.

त्याचे कारण असे झाले. आमच्या घरी तवशाचे एक बी सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेले होते. फळ दीड-दोन किलोचे, सालीवर पिकल्यावर जाळीदार भेगा, गर दोन बोटे जाड. सासूबाई दरवर्षी पहिल्या बहरातले एक चांगले फळ वेलावरच पिकू देत, बी राखेत घोळून वाळवीत आणि बाटलीत भरून फळीवर ठेवीत. काही वर्षांपूर्वी चिपळूणच्या बाजारात मला एक सुबक पुडी दिसली. दुकानदाराने मनसोक्त स्तुती केली. घरी येऊन मी ते बी तवशाच्याच मांडवाच्या दुसऱ्या टोकास टोचले. त्या वर्षी श्रावणात काकड्यांचा नुसता पाऊस पडला. हिरव्या, सरळ, गोड. शेजारी वाटून थकले. मी मोठ्या हुशारीने दोन्ही वेलांचे एकेक फळ बियांसाठी धरले आणि नवे बी आले आहे म्हणून जुन्या बाटलीतले उरलेले उकिरड्यावर झाडून टाकले.

पुढील वर्षी मांडवावर काय आले ते पाहून हसावे की रडावे ते कळेना. कोठे आखूड, कोठे वाकडी, एकीवर पट्टे, एक वेल नुसत्या पानांचा. आणि तवशाच्या बियांपासून आलेली फळेही ना तवसे ना काकडी. ऋषिपंचमीस आमच्याकडे अजून बैलाच्या श्रमाचे अन्न खात नाहीत; त्या दिवशीची भाजी परसातली, हाताने खणून पिकविलेलीच लागते. अळू, भेंडी, पडवळ, दोडका आणि त्यात तवशाच्या फोडी. त्या वर्षी फोडी कापताना मी चाखून पाहिल्या नाहीत. एका फळाने सारे पातेले कडू केले. सासूबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होत्या आणि दिवसभर त्यांच्या पोटात दुसरे काही नव्हते. त्यांनी पहिला घास घेतला, तो खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "सूनबाई, बी कुठलं गं पेरलंस?"

मी सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, हेच अधिक लागले. दह्याचे पाणी घेऊन त्या उठल्या आणि संध्याकाळपर्यंत फळीवरच्या रिकाम्या बाटलीविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत.

माझी चूक कोठे झाली ते आता नीट सांगते, म्हणजे दुसरीने ती करू नये. काकडीच्या एकाच वेलावर नर व मादी अशी निरनिराळी फुले येतात. नर आधी आणि पुष्कळ; मादी मागाहून, तिच्या पाकळ्यांखाली बोटाएवढी इवली काकडी असते, तीवरून ओळखावी. माशी एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेते. याने त्या वर्षीच्या फळाचे काही बिघडत नाही. फळ आईच्याच गुणाचे येते. बिघडते ते आतील बी, कारण त्याचा बाप निराळा असतो. म्हणून मला पहिल्या वर्षी संशयही आला नाही. शिवाय पुडीवर 'संकरित' असे स्पष्ट छापलेले होते. संकरित बी दोन निवडक वाणांच्या मीलनाने दरवर्षी नव्याने करावे लागते. त्याच्या फळातील बी पेरले की आजोबा-पणजोबांचे सारे दडलेले गुण विस्कळीतपणे वर येतात. यात कोणी फसविले असे म्हणता येत नाही. मी छापलेले वाचले, पण त्याचा अर्थ लक्षात घेतला नाही.

कडूपणाचेही थोडे समजून घ्यावे. हिमालयाच्या पायथ्याशी काकडीची रानटी बहीण अजून उगवते आणि ती कडूजहर असते. आपली काकडी या देशातल्या अशाच रानवेलींतून निवडून निवडून गोड केलेली आहे. कडूपणा ज्या द्रव्याचा, त्यास कुकर्बिटासिन म्हणतात. ते तयार करणारी नऊ जनुके चीनमधील संशोधकांनी २०१४ साली उजेडात आणली. वाण गोड असला तरी पाण्याची ओढ किंवा कडक ऊन यांनी ते अंगी उतरते, विशेषतः देठाकडे आणि सालीखाली. देठाचे टोक कापून फेस येईपर्यंत घासण्याची रीत आपण सर्वच पाळतो. त्यात घासण्यापेक्षा कापण्याचाच उपयोग अधिक आहे. मात्र फळ मधोमध कडू लागल्यास ते निमूटपणे टाकून द्यावे. "काय होते थोड्याने?" असे म्हणू नये. याच द्रव्याने कडू झालेल्या दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यूही घडलेले आहेत.

बी शुद्ध राखावयाचे तर दोन वाणांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर असावे असा बियाणे पिकविणाऱ्यांचा दंडक आहे. आमच्या वाडीची लांबी तेवढी नाही, आणि आपल्यापैकी कोणाची असेल असे वाटत नाही. पण त्यास घरगुती उपाय आहे. सायंकाळी वेलावर हिंडून दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी कळी आणि त्याच वाणाच्या दोन-तीन नर कळ्या हेराव्यात. त्या पिवळ्या दिसू लागलेल्या असतात. त्यांची टोके दोऱ्याने हलकेच बांधावीत, म्हणजे पहाटे माशीस आत शिरता येत नाही. सकाळी नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मादी फूल सोडून आतील तुऱ्यावर पराग नीट टेकवावेत, आणि मादी फूल पुन्हा बांधून देठास लाल दोरा अडकवावा. मुसळधार पावसात माशा बाहेर पडत नाहीत, तेव्हा खावयाच्या काकडीसाठीही ही हातसेवा करावी लागते. एका हातात छत्री आणि दुसऱ्यात नर फूल अशा अवस्थेत मला पाहून टपालवाल्याने एकदा सायकल थांबविली होती.

बियांचे फळ पूर्ण पिवळे-तांबूस होईपर्यंत वेलावर राखावे. बी गरासह एक-दोन दिवस भांड्यात आंबू द्यावे. भोवतालचा बुळबुळीत थर सुटला की धुऊन सावलीत वाळवावे. तरंगणारे बी टाकावे. कोकणच्या दमट हवेत बी लवकर मरते, म्हणून काचेच्या बाटलीत तळाशी भाजून कोरडे केलेले तांदूळ घालून वर कागदात गुंडाळलेले बी ठेवावे. एका ग्रॅमात सुमारे ४० बिया असतात. घराला वर्षास दहा-बारा पुरतात. सारे बी एकाच वर्षी पेरून टाकू नये.

लावणीचे फार सांगण्यासारखे नाही. पाणी साचणार नाही असा मातीचा उंचवटा करावा, कुजलेले शेणखत घालावे, दर आळ्यात दोन-तीन बिया, दोन आळ्यांत दोन-अडीच हात अंतर. मांडव उंच असावा, म्हणजे फळे लोंबती राहतात आणि सरळ होतात. पानांखाली वारा खेळल्याने केवडाही कमी येतो. फळमाशी ही मात्र पावसाळ्यात खरी वैरीण. ती कोवळ्या फळास टोचून आत अंडी घालते आणि फळ वाकडे होऊन आतून सडते. क्यू-ल्यूरचा सापळा मांडवाजवळ टांगल्यास त्यात नरमाश्या अडकतात. सडकी फळे रोजच्या रोज खोल पुरावीत. ती तशीच पडू दिल्यास एका सापळ्याने काहीच होत नाही. तवशाच्या निवडक फळांस आम्ही कागदाची पिशवी बांधतो.

आता आमच्या बियांचे काय झाले ते. त्या ऋषिपंचमीनंतर आठ-दहा दिवसांनी गौरी-गणपती आटोपून हेदवीच्या वन्सं आल्या. रिकाम्या बाटलीची गोष्ट निघाली, तेव्हा त्या हसू लागल्या. लग्न होऊन गेल्या त्या वर्षी सासूबाईंनी त्यांच्या ओटीत खणनारळाबरोबर त्याच तवशाचे बी बांधून दिले होते, आणि वन्सं ते तेव्हापासून आपल्या परसात लावीत होत्या. त्यांच्या घरी दुसरी काकडी कधी आलीच नव्हती. परत गेल्यावर त्यांनी मुलाबरोबर अकरा बिया पाठविल्या. पुढील मृगावर मी त्या पेरल्या, सात उगवल्या, त्यांतले दोन वेल गोगलगायींनी खाल्ले. उरलेल्या पाचांच्या फुलांवर मी ती सारी बांधाबांध केली. भाद्रपदात पहिले तवसे उतरले, तेव्हा सासूबाईंनी ते हातात घेऊन सालीवरच्या जाळीवरून बोट फिरविले आणि "तेच आहे" असे म्हणून मांडीवर ठेवून घेतले. आता त्या नाहीत. बाटल्या मात्र दोन आहेत. एक आमच्या फळीवर आणि एक हेदवीस.

बाजारचे बी मी सोडले असे कोणी समजू नये. मांडवाच्या दक्षिण अंगास दरवर्षी शीतल असतेच, कारण रोजच्या कोशिंबिरीस तवसे पुरवून पुरत नाही, आणि तवशास फळ धरावयास वेळही अधिक लागतो. घरचे बी राखणे, पेरणे, देणे-घेणे यास कायद्याचीही आडकाठी नाही; वाणांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा शेतकऱ्यास हे सारे करू देतो, केवळ नोंदलेल्या वाणाचे बी त्या नावाचा शिक्का मारून विकता येत नाही.

पुण्याच्या भगिनीस दहा बिया पाकिटातून पाठविल्या आहेत. गच्चीवरच्या कुंडीत तवशाचा वेल कितपत रमेल याची मला शंका आहे. कुंडी निदान दीड हात खोल असावी आणि वेल कठड्यावर चढवावा. तोवर रोजच्या ताटासाठी तिने हिमांगीची एक पुडी आणून ठेवावी, आणि या वर्षी निदान त्या दोघींपैकी एकीच्याच फुलांना माशी भेटू द्यावी.